थंडीतला स्वस्त सिगार: कोल्हापूरच्या हवेत तो नीट कसा ओढावा

स्वस्त सिगार कडू लागला की दोष पानाला दिला जातो. पान साधं असतं हे खरं, पण कडूपणा बहुतेक वेळा ओलाव्यातून आणि घाईतून येतो. म्हणून माझं ठाम मत आहे की कोल्हापुरात स्वस्त सिगारचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीच्या आसपास संपतो. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्यानं जड असते. तंबाखूचं पान हवेतला ओलावा ओढून घेतं, आतलं भरण फुगतं, धूर अडतो. मग माणूस जोरात ओढतो, निखारा तापतो आणि तोंडात कडू काजळी येते. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं: पान कुरकुरीत होऊन भराभर जळतं. डिसेंबर-जानेवारीत दिवसा २८-३० अंश, पहाटे १४-१५, कधी त्याखाली, आणि दुपारची हवा कोरडी. साध्या पानाला याहून चांगली हवा इथे मिळत नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. त्यामुळे तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्यात आहेच, आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतूनही रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जो ओढत नाही त्यानं हे वाचून सुरुवात करू नये. जो ओढतो त्यानं कमी वेळा आणि नीट ओढावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

स्वस्त म्हणजे काय ते आधी ठरवू. आयात सिगारवर करांचा एवढा बोजा असतो की परदेशात रोजच्या वापरातला समजला जाणारा सिगार इथे चैनीचा होतो. माझ्या हिशेबात तीनशे रुपयांच्या आतला तो स्वस्त. त्या पैशात तीन प्रकार हाती लागतात. एक, तमिळनाडूतल्या दिंडीगल-त्रिची भागातला चिरूट, जो इंग्रजांच्या काळात त्रिचनापल्ली चिरूट म्हणून बाहेर जायचा. तो दोन्ही टोकांना उघडा असतो, कापावा लागत नाही. दोन, पत्र्याच्या डबीतले यंत्रावर वळलेले छोटे, कोरडे सिगार. तीन, तुकड्यांचं भरण घालून वळलेले, गड्डीनं मिळणारे सिगार. महागड्या सिगारच्या गाभ्यात टोकापासून टोकापर्यंत जाणारी अखंड पानं असतात. स्वस्तात त्या पानांचे तुकडे असतात, आणि कित्येकदा वरचं किंवा बांधणीचं पान म्हणजे तंबाखूच्या भुकटीचा लगदा करून लाटलेला कागदासारखा पत्रा असतो. तो ओळखणं सोपं आहे: खऱ्या पानावर शिरा दिसतात, रंग थोडा कमीजास्त असतो, तर लाटलेला पत्रा सगळीकडे एकसारखा आणि निस्तेज. दोन्ही एका भावात मिळत असतील तर शिरा असलेला घ्या.

इथे बरेच जण विचारतात की आपल्याकडे तंबाखू पिकते, मग सिगार का होत नाही? निपाणी पुणे-बंगळूर महामार्गावर चाळीसेक किलोमीटरवर, जयसिंगपूरही जवळच. पण तिथली तंबाखू विडीची. ती उन्हात वाळवतात आणि तिचा चुरा करतात. सिगारचं पान सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात, मग थप्प्या लावून आंबवतात. थप्पी आतून तापते, ती उलटीपालटी करावी लागते, आणि या काळात पानातला अमोनिया निघून जातो. स्वस्त सिगारमध्ये पैसा वाचवला जातो तो बहुतेक इथेच: आंबवणं आटोपतं घेतात. म्हणून काही सिगार नाकाला झोंबतात.

दुकानात उभं राहून करायच्या तपासण्या या क्रमानं करा. पेटवायचं टोक नाकाशी धरा. अमोनियाचा तिखट वास आला तर पान कच्चं आहे. तो सिगार वाया गेलेला नसतो, पण घरी चार-सहा आठवडे विसावा द्यावा लागेल आणि दर आठवड्याला डब्याचं झाकण दहा मिनिटं उघडावं लागेल. मग अंगठा आणि तर्जनीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकं दाबत या. दबून परत वर आलं पाहिजे. मध्ये कडक गाठ लागली तर तिथे धूर अडणार, पोकळ जागा लागली तर तिथे आग आतून पळणार. टोक तळहातावर हळूच ठोकून पाहा. चिमूटभर चुरा पडला तर भरण फारच बारीक आहे किंवा सिगार वाळून गेला आहे.

नोव्हेंबरमध्ये घेतलेला माल बहुधा दुकानात पावसाळा काढलेला असतो हे लक्षात ठेवा. हिरवट-निळसर, केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. वरच्या पानावर एखादा ठिपका असेल तर पुसून काहीजण ओढतात. मी तसं करायला सांगणार नाही. पेटवायच्या टोकावर बुरशी दिसली तर ती आतही गेलेली असते, तो सिगार टाकूनच द्या. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर ती कीड.

या किडीबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात तिचा धोका जास्त. तंबाखूतला हा तपकिरी भुंगेरा म्हणजे साठवलेल्या हळदीत आणि मसाल्यात होणारा तोच भुंगेरा. सांगलीच्या बाजारातून वर्षाची हळकुंडं आणून ठेवणाऱ्या घरात सिगारचा डबा मसाल्याच्या फळीवर ठेवणं म्हणजे किडीला आमंत्रण. पान किडकं निघालंच तर घरातली हळदही तपासा. ऊब मिळाली की अंडी फुटतात, आणि आपल्याकडे भर थंडीतही दुपारी तेवढी ऊब असते. उपाय साधा आहे: नवीन आणलेले सिगार घट्ट पिशवीत बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. पायऱ्या गाळू नका. फ्रीझरमधून एकदम बाहेर काढलं तर वरचं पान तडकतं, आणि पिशवी लगेच उघडली तर पानावर दव धरतं.

साठवणीसाठी महागडी लाकडी पेटी लागत नाही. रबराची कडी असलेला हवाबंद डबा पुरतो. त्यात हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारी, ओलावा देणारी आणि घेणारी पुडी टाका. साधारण पंचवीस सिगारना ६० ग्रॅमची एक पुडी. ६९ टक्क्यांच्या पुडीची शिफारस सगळीकडे दिसते, पण तुकड्यांच्या भरणाला ती जड जाते. दाटून भरलेला सिगार ६५ वर मोकळा ओढला जातो. पत्र्याच्या डबीतल्या छोट्या कोरड्या सिगारना पुडी अजिबात नको, ते तसेच ओढण्यासाठी बनवलेले असतात. ओले केले की बिघडतात.

आर्द्रतामापक घेतलात तर त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखं करा. पाणी वर तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका घट्ट पिशवीत बारा ते चोवीस तास ठेवा. आत ७५ टक्के व्हायला हवेत. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार कमी सांगतो, पुढे प्रत्येक वाचनात चार मिळवा.

डब्यातला सिगार बोटांना गुबगुबीत लागला तर ओढण्याआधी वेष्टन काढून दुपारी तीन-चार तास सावलीत उघडा ठेवा. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी एवढ्यात फरक कळतो. जुलैत हाच सिगार दिवसभर बाहेर ठेवला तर आणखी ओला होईल. थंडीचा खरा फायदा हा आहे. उलट सिगार वाळून खडखडीत झाला असेल तर तो सावकाश परत आणावा लागतो: पुडीच्या डब्यात दोन-तीन आठवडे. ओलं फडकं, सफरचंदाची फोड, बटाट्याचा काप हे जुने तोडगे करू नका. वरचं पान एकदम फुगून उलतं, आणि आठवड्यात बुरशी धरते.

आकाराची निवड थंडीत फार महत्त्वाची. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ४८ लिहिलेला सिगार पाऊण इंच जाड. बाहेर बसायचं असेल तर ४ ते साडेचार इंच लांब आणि ४४ ते ४८ जाड एवढा पुरे. तो अर्धा तास ते चाळीस मिनिटं चालतो. त्याहून लांब घेतला तर अंगात थंडी भरते, माणूस उरकायच्या मागे लागतो आणि शेवट कडू करून घेतो. काडीसारखा बारीक सिगार वाऱ्यात तापतो. ५४ च्या पुढचा जाड सिगार स्वस्तात घेऊच नये, त्याचा गाभा बहुधा सैल असतो.

नेताना शर्टाच्या वरच्या खिशात, स्वेटरच्या आत ठेवा. मोटारसायकलवर असाल तर नळीत किंवा चष्म्याच्या कडक डबीत. खाचखळग्यांनी तुकड्यांचं भरण एका टोकाला सरकतं. खुर्चीवर बसताना पँटच्या मागच्या खिशात काय होईल ते सांगायला नको. आपल्याकडची थंडी सिगार तडकवण्याइतकी कडक नसते. तडा जातो तो कोरडेपणानं. म्हणून कापण्याआधी बंद टोक ओठांत धरून थोडं ओलसर करा आणि अर्धा मिनिट थांबा.

कापायचं दीड-दोन मिलिमीटर, गोलाईच्या वरच. त्या टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिच्या रेषेखाली कापलं की वरचं पान सुटायला लागतं. तुकड्यांच्या भरणाला सरळ काप दिला तर चुरा जिभेवर येतो. त्यापेक्षा गोल भोक पाडणारं पंच किंवा खाच पाडणारा कटर बरा. दोन्ही नसेल तर दाढीचं नवं पातं घ्या, सिगार बोटांत फिरवत टोपी कडेनं कापा. दातानं तोडणं चित्रपटात शोभतं, स्वस्त सिगारवर नाही. कापल्यावर न पेटवता दोन-तीनदा ओढून पाहा. अडत असेल तर दोन बोटांत हलकं मळा, गाठीच्या जागी थोडं जास्त. तरीही अडला तर लोकर विणायच्या बारीक सुईनं मधोमध सावकाश एक वाट करा, पण आरपार नाही.

पेटवणं हा बाहेरच्या बैठकीतला सगळ्यात नाजूक भाग. वाऱ्यात एका काडीनं काम होत नाही आणि अर्धवट पेटलेला सिगार शेवटपर्यंत वाकडा जळतो. जोराच्या निळ्या ज्योतीचा गॅस लायटर सोयीचा. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या दहा झुरक्यांत राहतो, तो टाळा. लायटर भरण्याआधी आतली उरलेली हवा-गॅस झडपेतून सोडून द्या, नाहीतर ज्योत फडफडते. काडेपेटीच असेल तर दोन काड्या एकदम ओढा आणि गुलाचा गंधकी भडका विझून लाकूड पेटेपर्यंत दोन सेकंद थांबा.

वाऱ्याकडे पाठ करा, सिगारचं टोक ओंजळीत घ्या. ज्योत टोकापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खाली ठेवा, टेकवू नका. सिगार फिरवत पंधरा-वीस सेकंद शेकत राहा, कड काळी होऊन करडी व्हायला लागेपर्यंत. आता तोंडात धरा, ज्योत तेवढ्याच अंतरावर ठेवून तीन-चार हलके झुरके घ्या, सिगार फिरवत. मग टोकावर फुंकर घाला. निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे. काळा भाग राहिला तर तेवढ्यालाच ज्योत दाखवा. या मिनिटभराच्या कामात कंटाळा केला तर पुढचा अर्धा तास दुरुस्तीत जातो.

ओढायचा वेग मिनिटाला एक झुरका. वारा असेल तर त्याहूनही सावकाश, कारण वारा तुमच्याऐवजी निखारा फुलवतच असतो. पारा बराच उतरला तर पहाटे तोंडाची वाफ दिसते, ती धुरात मिसळते आणि किती ओढला जातोय याचा अंदाज चुकतो. तेव्हा डोळ्यांवर न जाता जिभेवर जा. धूर गरम लागला की सिगार बाजूला ठेवून दोन मिनिटं थांबा.

एका बाजूनं जळत चालला तर आधी जागा बदला. वाऱ्याकडची बाजू नेहमी पुढे पळते, म्हणून मागे राहिलेली बाजू वाऱ्याकडे फिरवा. वारा नसेल तर मागे राहिलेली बाजू खाली ठेवा. दोन-तीन झुरक्यांत सुधारला नाही तर मागच्या काठाला क्षणभर ज्योत दाखवा. आतून पोकळ जळत असेल, म्हणजे मधला निखारा आत गेला आणि वरचं पान तसंच उभं राहिलं, तर राख झटकून ते पानच जाळून काठ सपाट करा. बहुतेकदा फार सावकाश ओढल्यानं किंवा बाहेरचं पान आतल्यापेक्षा ओलं असल्यानं हे होतं.

राखेची लांबी मिरवायचा नाद इथे नको. तुकड्यांच्या भरणाची राख पापुद्र्यांनी सुटते आणि वाऱ्यावर स्वेटरवर जाते. सेंटिमीटरभर झाली की भांड्याच्या कडेला टेकवून सोडा.

दोन-तृतीयांश संपला की धुरातलं पाणी आणि काजळी तोंडाकडच्या टोकात साचलेली असते, आणि थंड हवेत ती लवकर साचते. टोक ओलं आणि कडू लागलं की सिगार तोंडाला लावून एकदा हळू बाहेर फुंका. साचलेला शिळा धूर निघून जातो. विझला तर राख झटका, फुंका, आणि पुन्हा शेकून पेटवा. पाच-दहा मिनिटांत पेटवला तर चव टिकते. तासाभरानं पेटवलेला स्वस्त सिगार ओढण्यालायक राहत नाही, उद्यासाठी ठेवूही नका.

वेळ माझ्या मते दुपारी चार ते दिवेलागण. हवा कोरडी असते, अंगाला ऊन असतं. रात्री दहानंतर शांत थंड हवेत धूर वर जात नाही, अंगणातच रेंगाळतो आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरतो. उपाशीपोटी तर कधीच नको. निकोटिन चढलं की घाम, मळमळ, गरगर सुरू होते. तसं झालं तर सिगार खाली ठेवा, बसून राहा, पाणी प्या, गुळाचा खडा तोंडात टाका. तांबड्या रश्श्याच्या जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्या, तिखटानं पोळलेल्या जिभेला सिगारमधलं काहीच कळत नाही. सोबत गुळाचा कोरा चहा. काळपट पानाच्या सिगारबरोबर तो कॉफीपेक्षा चांगला जमतो.

जागा स्वतःच्या मालकीची असावी. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं आणि २००८ च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. बसथांबा, रेल्वे स्टेशन, स्टेडियम ही उघडी असली तरी त्यात येतात. रंकाळ्याच्या काठी, पंचगंगेच्या घाटावर, जोतिबाच्या डोंगरावर सिगार काढूच नये, कायदा काहीही म्हणो. तिथे पोरंबाळं, भाविक, फिरायला आलेली म्हातारी माणसं असतात. पन्हाळ्यासारख्या गडावर तर डिसेंबरपासून गवत वाळलेलं असतं.

गच्ची उत्तम. कठड्याला अगदी चिकटून बसू नका, तिथे वारा वळसा घेतो. दोन हात आत, बुटक्या खुर्चीवर किंवा चटईवर बसा, म्हणजे डोकं कठड्याच्या वर येत नाही. जागा ठरवायला एक उदबत्ती पेटवून ठेवा. तिचा धूर वीतभर सरळ वर गेला की तीच जागा. शेतात बसणार असाल तर मोकळ्या नांगरटीत. उसाच्या फडाजवळ, पाचटाजवळ, गुऱ्हाळावर वाळत घातलेल्या चिपाडाजवळ अजिबात नाही. हंगामात एक ठिणगी कुणाचं तरी वर्षाचं पीक नेऊ शकते.

थोटूक चुरडू नका, चुरडलं की जास्त वास सुटतो. तसंच ठेवलं की काही मिनिटांत आपोआप विझतं. पण विझलं असं समजून कचऱ्यात टाकू नका. पत्र्याच्या डब्यात दोन बोटं वाळू घ्या, त्यात उभं खोचा आणि वर झाकण लावा. पाण्यात टाकलंत तर ते पाणी कुत्र्या-कोंबड्यांच्या वाटेत ठेवू नका, त्यात निकोटिन उतरतं.

मार्च उजाडला की डब्यात किती उरले ते बघा. होळीनंतर दुपार पस्तिशीच्या पुढे जाते, पुडी लवकर कडक होते आणि किडीला हवी तशी ऊब मिळते. डबा स्वयंपाकघरापासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगतच्या कप्प्यात हलवा, आणि पुडी हाताला कडक लागली की बदला.